तीन तारांच्या जुन्या डबल बेसवर तांतीच्या तारा: आवाज, ताण आणि तिसऱ्या तारेचा प्रश्न

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुमच्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला, बहुधा इंग्लंडमध्ये घडलेला डबल बेस, म्हणजे व्हायोलिनसारखं गजाने वाजवायचं पण माणसाहून उंच असं खर्जाचं वाद्य, आला आहे. त्याला मुळातच तीन खुंट्या आहेत, चौथी कधी बसवलेली दिसत नाही. सध्या त्यावर पोलादी तारा आहेत, तारेची वाजती लांबी १०५ सेंटिमीटर आहे आणि आवाज कोंडल्यासारखा वाटतो. तांतीच्या, म्हणजे जनावराच्या आतड्यापासून केलेल्या, तारा चढवल्या तर आवाज कसा होईल, लहान होईल का, खालची ए तार (तिन्ही तारा खालून वर ए, डी, जी अशा लावतात) नुसत्या तांतीची घ्यावी की धातू गुंडाळलेली, आणि कुणीतरी सुचवलं आहे तशी चौथी तार बसवून घ्यावी का, हे तुम्ही विचारलं आहे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊन टाकतो. चौथी तार बसवू नका. तीन तारांचे म्हणून घडवलेले बहुतेक जुने बेस पुढे चार तारांचे करून घेतले गेले. त्यांच्या खुंट्यांच्या पेटीत बुजवलेली जुनी भोकं दिसतात, मानेला दोन्ही बाजूंनी लाकडाच्या पट्ट्या चिकटवून ती रुंद केलेली दिसते. तुमचा बेस त्यातून सुटला आहे. ऑर्केस्ट्रातल्या आजच्या कामासाठी चार तारांचा दुसरा बेस ठेवा, याला हात लावू नका.

आता आवाजाकडे येतो. तांतीचा आवाज म्हणजे मऊ, उबदार असं सगळीकडे म्हटलं जातं. मला हे शब्द फसवे वाटतात. मऊपणाच्या अपेक्षेने तांत चढवलेला माणूस गज टेकवताच दचकतो, कारण वादकाच्या कानाला जे ऐकू येतं ते खरखरीत असतं. गजाचे केस तारेला पकडतात आणि सोडतात, ते पकडणं-सोडणं ऐकू येतं. माझ्या मते तांतीची खरी ओळख स्वराच्या सुरुवातीत आहे. प्रत्येक स्वराआधी एक व्यंजन येतं आणि मग स्वर उघडतो. पोलादी तार ‘आ’ म्हणते, तांत ‘का’ म्हणते. सारंगीच्या तीन मुख्य तारा परंपरेने तांतीच्याच असतात, त्यामुळे सारंगी हातभर अंतरावरून ऐकलेल्या माणसाला हे व्यंजन ओळखीचं वाटेल. बेसवर तेच व्यंजन दोन-अडीच सप्तकं खाली आणि कितीतरी मोठ्या पेटीतून येतं.

हाच बेस दुसऱ्याला वाजवायला देऊन तुम्ही खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसा. खरखर वाटेतच विरते आणि तिच्या जागी नेमकेपणा ऐकू येतो. प्रत्येक स्वर कुठे सुरू झाला, कुठे संपला, हे दूरवर कळतं. वादकाला स्वतःचा आवाज ओबडधोबड वाटत असताना समोरच्याला तो स्वच्छ ऐकू येतो. हे अंतर पचनी पडायला मला काही महिने लागले. त्या काळात खरखर घालवण्यासाठी मी गजाचा दाब कमी करत गेलो आणि आवाज आणखी बिघडवला. तुम्ही ती चूक करू नका.

बोटाने छेडल्यावर फरक अजून ठळक दिसतो. पोलादी तारेची आस लांब असते, एक स्वर दुसऱ्यात मिसळत राहतो. तांतीचा स्वर ठोक्यासारखा भरीव सुरू होतो, क्षणभर फुलतो आणि विझतो. १९५०च्या दशकापर्यंतच्या जॅझ ध्वनिमुद्रणांत बेसची जी चाल ऐकू येते तिचा आवाज असाच आहे, कारण पोलादी तारा सर्रास वापरात आल्या त्या त्यानंतर. आस कमी असणं हा दोष समजू नका. स्वर वेळेवर विझतो म्हणून पुढच्या स्वराला जागा मिळते आणि बाकीची वाद्यंही मोकळी ऐकू येतात.

हे असं का होतं, तेही सांगतो. तांत म्हणजे मेंढीच्या किंवा गुरांच्या लहान आतड्याच्या पातळ पट्ट्या. त्या स्वच्छ करून ओल्या असताना एकत्र पिळायच्या, ताणून वाळवायच्या आणि घासून गोल करायच्या. हा पदार्थ लवचीक आहे, पण त्याच्या आतच बरंचसं घर्षण आहे. तार कंप पावते तेव्हा मूळ स्वराबरोबर वरचे अनेक उपस्वर निघतात. तांतीच्या आतलं घर्षण त्यातले उंच उपस्वर फार लवकर गिळून टाकतं. पोलादात ते रेंगाळतात, म्हणून पोलादी तारेच्या स्वराला धातूची झळाळी आणि लांब आस मिळते. दुसरी गोष्ट, गज तारेला नुसता आडवा ओढत नाही, तो तिला किंचित पिळतोही. तांतीत हा पिळाचा कंप पटकन मरतो, त्यामुळे गजाखालचा कंप लवकर स्थिरावायला मदत होते. तांत ‘लगेच बोलते’ असं वादक म्हणतात, त्यामागे मला हे एक कारण दिसतं. तिसरी गोष्ट पृष्ठभागाची. तांत पॉलिश केली तरी ती तंतूंचीच असते, आणि राळ लावलेले केस तिला जसे धरतात तसे गुळगुळीत धातूला धरत नाहीत.

आवाज लहान होईल का, या प्रश्नासाठी आकडे मांडावे लागतील.

तांतीची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १.३ ग्रॅम आहे, पोलादाची ७.८. म्हणून त्याच स्वराला तांत पुष्कळ जाड घ्यावी लागते. तुमच्या १०५ सेंटिमीटर लांबीवर वरची ‘जी’ तार २.३ मिलिमीटर, डी २.९ आणि ए नुसत्या तांतीची ३.८ मिलिमीटर धरली, तर ताण अनुक्रमे सुमारे २३, २१ आणि २० किलो येतो. तिन्ही मिळून ६४ किलो. आजच्या पोलादी तारांत दर तारेला ३० किलोच्या आसपास ताण असतो, म्हणजे तुमच्या बेसवर सध्या ९० किलोच्या घरात असणार. तारा घोडीवरून, म्हणजे त्या ज्या लाकडी पुलावर टेकतात त्यावरून, साधारण १५० अंशाच्या कोनात वळत असतील तर या ताणातला निम्म्याहून किंचित जास्त भाग घोडीमार्फत वरच्या फळीवर दाबला जातो. पोलादाने सुमारे ४७ किलो, तांतीने ३३. दोनशे वर्षांच्या लाकडाला १४ किलोंचा फरक छोटा नाही. आवाज कोंडल्यासारखा वाटतो असं तुम्ही लिहिलंत तेव्हा मला पहिली शंका या दाबाची आली. हलक्या ताणासाठी घडवलेली फळी जड दाबाखाली हलायला कचरते.

यावरून एवढं तरी समजतं की ताण वाढवला म्हणून आवाज वाढतोच असं नाही. वादकाच्या कानाजवळ तांत थोडी लहान वाटेल, विशेषतः अगदी वरच्या सप्तकात. पण दूरवर पोहोचणारा जो आवाज आहे, जो फळी आणि पेटीतली हवा मिळून बाहेर टाकतात, तो अशा जुन्या बेसवर बऱ्याचदा वाढतो. मी ‘बऱ्याचदा’ म्हणतो, कारण जाडी चुकली तर उलटही होतं.

ते माझ्या हातून झालेलं आहे. पहिल्या तीन तारांच्या बेसवर मी भरपूर आवाजाच्या हव्यासाने जाड तारा मागवल्या: जी २.५, डी ३.२ आणि ए ४.४ मिलिमीटर, सगळ्या नुसत्या तांतीच्या. हिशेब केला असता तर कळलं असतं की एकूण ताण ८० किलोच्या जवळ जातो. बेस गप्प झाला. ए तार तर बोलण्याऐवजी घुरघुरत होती, गज टेकवल्यावर स्वर यायला इतका उशीर लागे की मी तालाच्या मागे पडायचो. तीन आठवडे साउंडपोस्ट (पेटीच्या आत दोन फळ्यांमध्ये उभी बसवलेली काठी) हलवून पाहिला, घोडी बदलली, दोष लाकडात आहे असंच मानत राहिलो. मग एका जुन्या वादकाच्या सांगण्यावरून बारीक तारा लावल्या आणि त्याच दिवशी बेसचा आवाज मोकळा झाला. तेव्हापासून मी हलक्या बाजूने सुरुवात करतो आणि गरज पडली तरच जाडी वाढवतो.

आता तिसरी तार. तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मला हाच वाटतो, कारण तीन तारांचा बेस मुळात अस्तित्वात राहिला तो याच प्रश्नामुळे.

चौथ्या-चौथ्या सुरांच्या (सा ते म इतक्या) अंतरावर लावलेल्या तारांचा ताण सारखा ठेवायचा असेल तर प्रत्येक खालची तार वरचीपेक्षा एक तृतीयांशाने जाड हवी. जी २.३ असेल तर डी ३.०७, ए ४.०९, आणि चौथी ई तार ५.४५ मिलिमीटर. साडेपाच मिलिमीटरची तांत म्हणजे दोरखंडच. जाडीबरोबर ताठरपणा फार झपाट्याने वाढतो, उपस्वर आपल्या जागेवरून सरकतात, आणि जे उरतात तेही आतल्या घर्षणात विझतात. कानाला स्वर कमी आणि धपका जास्त ऐकू येतो. तांतीवर धातूची तार गुंडाळण्याची युक्ती १६६०च्या दशकात इंग्लंडमध्ये नोंदलेली सापडते, आणि तिने ही अडचण बरीच सोपी केली. तरीसुद्धा इटली, फ्रान्स, इंग्लंड आणि स्पेनमधले कितीतरी बेसवादक एकोणिसाव्या शतकात खोल उतरेपर्यंत तीनच तारांवर ठाम होते. त्यांना खोल सूर नको होते असं नाही. उरलेल्या तीन तारा मोकळ्या, दणदणीत वाजाव्यात हे त्यांना जास्त मोलाचं वाटत होतं. तारा तीनच असल्या की घोडीचा वरचा कमानीभाग जास्त उंचवटा देऊन कापता येतो, आणि शेजारच्या तारेला न लागता गज पूर्ण वजनाने टाकता येतो.

शास्त्र त्यांच्या बाजूने थोडंसं बोलतं. डबल बेसच्या पेटीतल्या हवेचा स्वतःचा अनुनाद साधारण ६० ते ७० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. मोकळी ए तार ५५ हर्ट्झची, डी ७३ची. म्हणजे तीन तारांच्या बेसचा तळ पेटी जिथे सर्वांत मनापासून साथ देते त्या भागाला लागून आहे. ई तारेचा ४१ हर्ट्झचा मूळ स्वर पेटीच्या आवाक्याखालीच राहतो, आपल्याला तो मुख्यतः उपस्वरांवरून उमजतो.

डोमेनिको ड्रॅगोनेट्टी याचं उदाहरण इथे घ्यायलाच हवं. हा व्हेनिसचा, १७६३ साली जन्मलेला. १७९४ मध्ये लंडनला गेला आणि १८४६ साली मृत्यू येईपर्यंत तिथल्या बेसवादनावर त्याचाच ठसा होता. त्याचा आवडता बेस गास्पारो दा सालो या जुन्या इटालियन कारागिराच्या हातचा, तीन तारांचा, ए-डी-जी असा लावलेला. १८४५ साली बॉनमधल्या बेथोव्हेन महोत्सवात, ऐंशी ओलांडल्यावर, तो बेसवादकांच्या ताफ्याच्या अग्रभागी होता. इंग्लंडमध्ये त्या काळात तीन तारांचे इतके बेस का घडले, याचं एक मोठं कारण हा माणूस आहे. तुमचा बेस त्याच काळातला आणि तिथलाच असेल तर तो ए-डी-जी या लावणीसाठीच घडवला गेला असणं सर्वांत संभवनीय.

दुसरं टोक म्हणजे इटालियन बेसवादक जोव्हान्नी बोत्तेसिनी, १८२१ ते १८८९. त्याचा बेस मिलानच्या कार्लो अँतोनियो तेस्तोरेने १७१६ साली केलेला, तोही तीन तारांचा. एकलवादनासाठी तो तारा एक स्वर किंवा त्याहूनही वर चढवत असे. तेवढ्या चढ्या लावणीत ताण आवाक्यात ठेवायचा तर तारा बारीक हव्यात हे उघड आहे. ड्रॅगोनेट्टीची ओळख ऑर्केस्ट्राला पाया देणाऱ्या ताकदीची आणि बोत्तेसिनीची गाणाऱ्या आवाजाची, आणि दोघेही तीन तारांवरच वाजवत होते. म्हणून ‘तीन तारांच्या बेसचा मूळ आवाज’ असा एकच आवाज शोधत बसू नका. तुम्हाला यातलं कोणतं टोक हवं आहे, त्यावर जाडी ठरते.

फ्रान्समध्ये तीन तारांचा बेस पाचव्या-पाचव्या सुरांवर (सा ते प इतक्या अंतरावर), जी-डी-ए असा लावत. फ्रेंच संगीतकार बर्लिओझने १८४०च्या दशकात वाद्यांविषयी लिहिताना हीच लावणी नोंदवली आणि स्वतःचा कौल चार तारांच्या बाजूने दिला. तुमच्या लांबीवर ही लावणी करून पाहायची असेल तर २, ३ आणि ४.५ मिलिमीटर जाडीवर तिन्ही तारांचा ताण जवळजवळ सारखा, २२ किलो येतो. हिशेब देखणा आहे, पण साडेचार मिलिमीटरची तळाची तार नुसत्या तांतीची घेऊ नका, ती गुंडाळलेलीच घ्या. शिवाय एवढ्या लांबीवर पाचव्या सुरांची बोटं म्हणजे हाताची सतत धावपळ. मी महिनाभर वाजवून परत चौथ्या सुरांवर आलो.

तर ए तार नुसती तांत की गुंडाळलेली? माझं मत सांगतो. ऐकण्याच्या दृष्टीने मला नुसत्या तांतीची ए सर्वांत आवडते. तिन्ही तारा एकाच घरातल्या वाटतात, डीवरून एवर उतरताना आवाजाचा पोत बदलत नाही. गुंडाळलेली ए बारीक असते, लवकर बोलते, तिचे उपस्वर जास्त उजळ असतात आणि गजाला ती सोपी जाते, पण डी आणि ए यांच्यामध्ये एक पायरी ऐकू येते. वरच्या दोन तारा बोलतात आणि तिसरी गाते, असं काहीसं. नुसत्या तांतीची ए तुमच्या बेसवर चालेल का, हे बेसच ठरवेल. वरची फळी सैल, मोठ्या पोटाची असेल तर ३.८ मिलिमीटरची तांत छान गुरगुरेल. अरुंद आणि ताठर पेटी असेल तर ती भुसभुशीत वाटेल.

साधी तांत घ्यायचीच असेल तर जास्त पिळाची, किंवा दोरासारखी दुहेरी पिळून केलेली मागा. पीळ जितका घट्ट तितकी जाड तार वाकायला सैल, आणि जाड तारेत ताठरपणा हाच शत्रू आहे. मधला मार्गही आहे. अर्धी गुंडाळलेली तार, जिच्यावर धातूचे वेढे एकमेकांना न चिकटता अंतर ठेवून घातलेले असतात. ही अठराव्या शतकापासूनची रीत आहे. हिच्यात वजन थोडं मिळतं, जाडी कमी होते आणि तांतीचं व्यंजन टिकतं. मोठ्या कारखान्यांपैकी जर्मनीच्या पिरास्ट्रोकडे बेससाठी साध्या आणि गुंडाळलेल्या दोन्ही तांती मिळतात. अर्धी गुंडाळलेली किंवा हव्या त्या पिळाची तार मात्र हाताने तांत करणाऱ्या छोट्या कारागिरांकडून करून घ्यावी लागते. त्यांना वाजती लांबी, लावणी आणि हवा असलेला ताण, या तिन्ही गोष्टी कळवा. नुसती ‘ए तार’ मागवली तर नुसती ए तार येईल.

माझा सल्ला असा: पहिला संच जी २.२ ते २.३, डी २.९ आणि ए गुंडाळलेली. तीन-चार महिने त्यावर हात बसू द्या. नंतर फक्त ए बदलून नुसत्या तांतीची लावा. दोन्ही गोष्टी एकदम केल्या तर अडचण गजाची आहे की तारेची हे कळत नाही.

बसवण्याविषयी. पोलादी तारांसाठी कापलेल्या खाचा तांतीला चिमटतात, आणि चिमटलेली तांत तिथेच तुटते. बेसवर तांत ताणाने तुटत नाही. तुमची ‘जी’ तार दर चौरस मिलिमीटरला साडेपाच-सहा किलो ताण सोसेल, आणि तांतीची तुटण्याची मर्यादा ३० किलोच्या वर आहे. ती मरते घासून आणि चिमटून. घोडीवरच्या आणि मानेच्या टोकाकडच्या पट्टीवरच्या खाचा रुंद, गोलसर, गुळगुळीत करून घ्या आणि त्यात मऊ पेन्सिलीचं शिसं घासा. जुनी घोडी मात्र कापू नका. ती जपून ठेवा आणि तांतीसाठी नवी करून घ्या. खुंटीच्या दांड्याचं भोक लहान असेल तर तेही मोठं करू नका, तारेचं टोक तासून बारीक करा. टेलपीसकडे (तारांची खालची टोकं अडकवायच्या लाकडी तुकड्याकडे) गाठ निसटत असेल तर गाठीखाली चामड्याची छोटी चकती घाला.

तांतीचा कंप पोलादापेक्षा रुंद असतो, म्हणून तारा फिंगरबोर्डपासून (बोटं दाबायच्या पट्टीपासून) उंच हव्यात. फिंगरबोर्डच्या टोकाशी ‘जी’ तारेखाली नऊ-दहा मिलिमीटर, ए खाली त्याहून थोडं जास्त, अशी सुरुवात करा. पोलादाच्या सवयीने उंची कमी ठेवली तर तार लाकडावर आपटते आणि मग तांतच वाईट असा शिक्का बसतो. डाव्या हाताला पहिले काही दिवस जड जाईल, पण ताण कमी असल्यामुळे वाटतं तितकं नाही.

तारा एकेक करून बदला. तिन्ही एकदम उतरवल्या तर घोडी पडेल आणि आतला साउंडपोस्टही पडू शकतो. नवी तांत पहिले आठ-दहा दिवस ताणत राहते. ताणताना ती घोडीचा माथा आपल्याबरोबर फिंगरबोर्डकडे ओढते. रोज बाजूने पाहा, घोडीची टेलपीसकडची पाठ फळीशी काटकोनात आहे ना. माथा पुढे झुकला असेल तर तारा किंचित उतरवून दोन्ही हातांनी मागे घ्या. या एका दुर्लक्षाने वाकलेल्या घोड्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

तार सच्ची आहे का हेही पाहून घ्या. तांत नैसर्गिक असल्याने जाडी सगळीकडे सारखी नसते. तारेच्या बरोबर मध्यावर हलकं बोट टेकवून निघणारा सूर आणि त्याच जागी दाबून वाजवलेला सूर जुळायला हवेत. अंतर बारीक असेल तर तार उलटी लावून पाहा, कधीकधी तेवढ्याने जुळतं. मोठं असेल तर तार परत करा. तिच्यावर सूर कधीच सापडणार नाही आणि तुम्ही उगाच स्वतःच्या कानाला दोष देत राहाल.

गजाबद्दल थोडंसं. पोलादावर आपण गज पळवतो. तांतीवर आधी वजन टेकवायचं, केसांनी तार पकडली हे बोटांना जाणवू द्यायचं, मग ओढायचं आणि स्वर उघडला की वजन हलकं करायचं. स्पर्शाची जागा घोडीपासून जरा दूर ठेवा. राळ थोडीच लावा, जास्त झाली तर ती तंतूंत भरते आणि खरखर खरोखरच घाण वाटू लागते. वाजवून झाल्यावर कोरड्या कापडाने पुसा, स्पिरिट लावू नका. इंग्लंडमध्ये ड्रॅगोनेट्टीच्या नावाने ओळखला जाणारा बाहेरच्या बाजूला वाकलेला, हात खालून धरायचा गज तुम्हाला कुठे हाताळायला मिळाला तर अवश्य वाजवून पाहा. त्या गजाखाली या तारा का तशा होत्या, हे चार फटक्यांत कळतं.

जिवंत नमुना ऐकायचा असेल तर स्पेनच्या कॅटालोनियातला सार्दाना नाचाचा वाद्यवृंद, कोब्ला, ऐका. त्यात अकरा वादक असतात, दहा जण फुंकून वाजवायच्या वाद्यांवर आणि एकटा माणूस तीन तारांच्या डबल बेसवर. तांत ही तिथली परंपरा आहे. दहा वाद्यांच्या त्या कडक आवाजाखालून बेसचा ठोका कसा वर येतो ते ऐकलं की आवाज लहान होण्याची तुमची भीती बरीचशी जाईल. रुमानियातल्या ट्रान्सिल्व्हेनियाच्या खेड्यांतल्या तंतुवाद्यांच्या ताफ्यांतही तीन तारांचा बेस नाचाला ठेका देतो. तिथल्या वादकांचा गज जमिनीवर पाय आपटावा तसा पडतो. इटलीत मात्र गोष्ट पुढे सरकली. १८८७च्या ‘ओतेल्लो’ या ऑपेरामध्ये संगीतकार व्हेर्दीने बेसच्या एका प्रसिद्ध जागी फक्त चार तारांच्या बेसनीच वाजवावं अशी सूचना लिहिली आहे. म्हणजे तोवर ऑर्केस्ट्रात तीन तारांचे बेस शेजारी बसलेले होते.

रोजची काळजी फार नाही, पण ती टाळता येत नाही. हवेतला ओलावा बदलला की तांतीचा सूर हलतो. वाजवायच्या जागी अर्धा तास आधी बेस खोळीबाहेर काढून ठेवा आणि मगच लावा. गुंडाळलेल्या तारेची तांत फार कोरड्या हवेत आक्रसते आणि वरचे वेढे सैल होऊन झणझणतात. ओलावा वाढला की हा आवाज बहुधा आपोआप थांबतो, म्हणून लगेच तार फेकू नका. साध्या तांतीवर आठ-पंधरा दिवसांनी बदामाच्या किंवा जवसाच्या तेलाचे दोन थेंब कापडावर घेऊन चोळा. गज लागतो तो भाग मात्र सोडा. बोटांच्या घामाने तिथले तंतू फुगतात, तेल तो घाम बराचसा अडवतं.

काही महिन्यांनी तारेवर केसासारखे तंतू सुटलेले दिसतील, आधी बोटांखाली, मग गजाच्या जागी. त्याने तार संपली असं होत नाही, अशा तारेवर मी वर्ष-दीड वर्ष सहज वाजवलं आहे. नेलकटरने तंतू मुळाशी अलगद कापा आणि त्या जागी तेलाचं बोट फिरवा. ओढू मात्र नका. ओढलेला तंतू पिळाबरोबर सोलत सोलत तारेच्या लांबीभर जातो आणि त्या जागी तार कायमची बारीक होते.